नगररचनेचा जिना चढण्याआधी या चुका टाळा

कापडदुकानाची जुनी कॅरीबॅग, तोंड दोरीनं बांधलेलं. आत घरफाळ्याच्या पावत्या, लाईट बिलं, आजोबांच्या नावच्या खरेदीपत्राची पुसट झेरॉक्स, रेशन कार्ड आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. ही पिशवी टेबलावर उपडी करून माणूस म्हणतो, "सगळी कागदं हैत की!" सगळी असतात, लागणारं तेवढं नसतं.

मी लायसनवाला इंजिनिअर. लोकांच्या घरांचे नकाशे काढतो, कोल्हापूर महापालिकेत मंजुरीला घालतो, त्रुटी निघाल्या की दुरुस्त करून परत घालतो. नगररचना (बांधकामाला मंजुरी देणारा विभाग) आणि बाकीचे तांत्रिक विभाग जिथं बसतात त्या जिन्यांवर माझी बावीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत नियम बदलले, अमोनियाच्या वासाच्या ब्लू प्रिंट गेल्या, नकाशे ऑनलाइन जायला लागले. चुका मात्र त्याच राहिल्या. दर आठवड्याला तेच तेच तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

वॉर्डाशिवाय नंबर

कोल्हापुरात सिटी सर्व्हे नंबर वॉर्डासकट सांगायचा असतो. ए, बी, सी, डी आणि ई. शिवाजी पेठ ए वॉर्डात, शाहूपुरी, राजारामपुरी, ताराबाई पार्क ई वॉर्डात. एकच आकडा दोन वॉर्डांत असू शकतो, त्यामुळं नुसता नंबर म्हणजे गल्लीचं नाव न सांगता "तिसरं घर" म्हणण्यासारखं आहे. त्यात भर म्हणजे शहराच्या कडेला गेलात की सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) ऐवजी रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) चालतो. एका अक्षराचा फरक.

या एका अक्षरानं एका कुटुंबाची रात्र खाल्लेली मी बघितली आहे. मुलानं झोन दाखल्यासाठी (जागा शहराच्या विकास योजनेत कुठल्या विभागात पडते त्याचा दाखला) अर्ज स्वतःच भरला, सि.स. च्या जागी रि.स. लिहिलं, आणि त्यांच्या चांगल्या बांधलेल्या बंगल्याच्या नंबरावर दाखला आला तो शेती विभागाचा. वडिलांचं बीपी वाढलं, मला रात्री अकराला फोन. "आमचा बंगला शेतात गेला वो!" दाखला बरोबर होता, फक्त तो दुसऱ्याच्या उसाचा होता.

माझी सवय अशी: प्रॉपर्टी कार्डावरचा नंबर, वॉर्ड आणि क्षेत्र एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तो कागद फाईलच्या आतल्या बाजूला चिकटवतो. पुढचा प्रत्येक अर्ज त्या कागदाकडं बघून भरायचा, आठवणीनं नाही. आणि हो, प्रॉपर्टी कार्ड नगररचनेत मिळत नाही. ते नगर भूमापन कार्यालयाचं काम. हे विचारायला रांगेत अर्धा तास उभे राहणारे रोज दोघं-तिघं भेटतात.

भलत्याच कार्यालयाची पायरी

मुख्य इमारत भाऊसिंगजी रोडवर, म्हणून सगळी कामं तिथंच होतात असा समज आहे. होत नाहीत. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालयं आहेत, आणि आपली जागा कुठल्या कार्यालयाखाली येते हे घरातून निघण्याआधी माहीत पाहिजे. पाणी कनेक्शन, ड्रेनेज जोडणी, रस्ता खोदाई आणि बांधकाम परवानगी हे चार वेगळे अर्ज आणि चार वेगळी टेबलं.

त्याहून मोठा घोटाळा हद्दीचा. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव इथं घर बांधणारा माणूस पत्ता सांगताना "कोल्हापूर" म्हणतो, पण ती गावं महापालिकेच्या हद्दीबाहेरची. हद्दवाढीच्या भांडणातून 2017 साली शहराभोवतीच्या 42 गावांचं प्राधिकरण झालं, तिथली परवानगी तिकडं. भाजी शहरात घेता, पोरं शहरातल्या शाळेत जातात, हे नगररचनेच्या टेबलावर सांगून उपयोग नाही.

मोजणीआधी नकाशा

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

2011 सालची गोष्ट. फुलेवाडी रिंगरोडकडच्या एका कॉलनीत चाळीस बाय पन्नासचा प्लॉट. मालक गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिणारे, आयुष्यभर पै-पै जमवलेली. त्यांचं एकच म्हणणं, "साहेब, काय बी करा पन पाडवा गाठायचा." मी म्हटलं, मोजणीचा अर्ज टाकू, क प्रत (हद्दी दाखवणारा सरकारी मोजणीचा नकाशा) हातात येऊ दे, मग लाईन आऊट (जागेवर पायाची आखणी) करू. ते म्हणाले, मोजणीला महिने जातात, आणि मंजूर लेआऊट तर आहे की हातात. लेआऊट, म्हणजे कॉलनीतल्या प्लॉटांचा नकाशा, होता, खरं. त्यावरची मापं बरोबर होती, त्यावरून काढलेला नकाशा बरोबर होता, परवानगीही रीतसर मिळाली. मीही तेव्हा चाळिशीच्या आतला, पाडव्याचा मुहूर्त मलाही मोडवला नाही.

अडचण कागदावर नव्हतीच. लाईन आऊटच्या दिवशी दोरी कुठून धरायची हा प्रश्न आला. पूर्वेला शेजाऱ्यांची विटांची कंपाउंड भिंत होती, दहा-बारा वर्षं जुनी. गवंडी म्हणाला, "भित्तीवरनं धरूया की." धरली. भिंतीपासून चाळीस फूट मोजलं, पश्चिमेला बरोबर बसलं नाही, थोडी पट्टी उरली. तेव्हाच माझं डोकं चालायला पाहिजे होतं. पण उरलेली जागा बघून माणूस खूश होतो, शंका घेत नाही. चुना पडला, नारळ फुटला, आठवड्यात खड्डे झाले, पूर्वेच्या चार फूटिंगचं (खांबांखालच्या पायाचं) काँक्रीटही पडलं.

मग शेजारी आले. शांत माणूस, शिक्षकी पेशातला. त्यांनी सांगितलं, "भिंत माझी आहे, पण हद्द भिंतीवर नाही. मी बांधताना सांडपाण्याच्या गटारीसाठी तीन फूट आत घेतली होती." मालकांनी ते काही ऐकून घेतलं नाही. तक्रार झाली, काम थांबलं, आणि जी मोजणी आधी करायची ती मेच्या अखेरीस भांडण लागल्यावर झाली.

मोजणीदारानं येऊन हद्दीचा दगड शोधला. भिंतीच्या आमच्या बाजूला, बरोबर तीन फुटांवर, एक काळा घडीव दगड अर्धा मातीत होता. प्लॉटवरच्या पत्र्याच्या खोपटात राखणीला एक आजी राहायच्या, त्या रोज त्या दगडावर धुणं धुवायच्या. साबणानं वरची बाजू गुळगुळीत झाली होती. माती बाजूला केल्यावर खालच्या अंगाला खूण निघाली. लाईन आऊटच्या दिवशी त्याच दगडावर एक पाय ठेवून मी फोनवर स्टीलचा भाव विचारत होतो.

नकाशात पूर्वेचं सामासिक अंतर (हद्द आणि बांधकाम यांच्यात मोकळं सोडायचं ते) दीड मीटर, म्हणजे जवळजवळ पाच फूट दाखवलं होतं. प्रत्यक्षात खऱ्या हद्दीपासून दोन फूटही राहिलं नव्हतं. चार फूटिंग फोडली, बाकीच्यांची जागा सरकवली, खड्ड्यांत तोवर पावसाचं पाणी भरलं होतं. खर्च मी अर्धा सोसला. मालकांनी मागितला नव्हता, पण मला झोप लागली नसती. वास्तुशांत पुढच्या पाडव्यालाही झाली नाही, दसऱ्याला झाली. त्या दगडावर आता तुळशीची कुंडी आहे.

तेव्हापासून माझा नियम आहे. क प्रत हातात आल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही. गिऱ्हाईक दुसऱ्याकडं गेलं तरी चालेल. मोजणीच्या दिवशी मी स्वतः हजर राहतो, शेजाऱ्यांना नोटीस पोचली का ते विचारतो, चारी खुणांचे फोटो काढतो आणि त्याच दिवशी खुणांभोवती काँक्रीटचा ओटा करून घेतो. लाकडी खुंट्या ठोकून निघून जाऊ नका, आठ दिवसांत त्या कुणाच्या तरी चुलीत जातात. आणि कंपाउंड भिंत ही हद्द नसते. कंपाउंड भिंत म्हणजे त्या दिवशी गवंड्याला जिथं सोयीचं वाटलं ती रेघ.

एक जोड चूक इथंच सांगतो. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, बोलण्यात गुंठा असतो. आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठा म्हणजे 101.17. तीन गुंठ्यांत साडेतीन चौरस मीटरचा फरक पडतो आणि तेवढ्यावर क्षेत्र जुळत नाही म्हणून फाईल परत येते.

"साठ दिवस झाले की"

हे वाक्य कुठल्या तरी कट्ट्यावर तयार झालं आणि शहरभर पसरलं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम 1966, कलम 45 मध्ये मानीव परवानगीची तरतूद आहे, हे खरं. साठ दिवसांत होकार-नकार काहीच कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरता येतं. पण लोक अर्धंच वाचतात. नकाशा सगळ्या नियमांत बसणारा असेल तरच ते लागू होतं. आणि मध्ये त्रुटीचं पत्र आलं असेल तर दिवस मोजायचे ते तुम्ही त्याला उत्तर दिल्यापासून.

एका बहाद्दरानं त्रुटीचं पत्र फ्रिजवर ठेवलं होतं, चुंबकाखाली. साठावा दिवस उजाडला आणि त्यानं स्लॅबची तयारी केली. मला बोलावलं ते बांधकाम थांबवण्याची नोटीस आल्यावर. पत्र बघितलं तर त्रुटी काय? मालकीच्या कागदावर एका बहिणीची सही नव्हती. बहीण राहायला साने गुरुजी वसाहतीत. रिक्षानं जाऊन सही आणायला वीस मिनिटं लागली असती.

नवशिक्यांची ही घाई मला कळतच नाही. आयुष्यात एकदा घर बांधता, पन्नास वर्षं राहायचं म्हणता आणि त्रुटीच्या पत्रातले चार मुद्दे शांत बसून वाचायला वेळ नाही. मी त्रुटीपत्राच्या प्रत्येक मुद्द्याखाली उत्तर लिहितो, त्याच क्रमानं, सोबत कुठला कागद जोडला त्याच्या पान नंबरासकट. तपासणाऱ्याला शोधाशोध करायला लावली की तो आणखी दोन मुद्दे शोधून काढतो. माणूसच आहे तो.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे "छोट्या प्लॉटला परवानगी लागत नाही." डिसेंबर 2020 ला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यात 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या छोट्या घराला सोपी पद्धत दिली आहे. लायसनधारकाच्या सहीचा नकाशा आणि कागद दाखल करायचे, शुल्क भरायचं, ती पोच परवानगीसारखी चालते. म्हणजे टेबलं कमी झाली. सामासिक अंतरं, उंची, रस्तारुंदी यांचे नियम तसेच आहेत. सवलत वाचून तीन बाजूंनी हद्दीला भिडवून बांधणारे महाभाग मी बघितले आहेत.

जोत्यावरून सरळ वर

परवानगी मिळाली की लोकांना वाटतं आता महापालिकेचा आणि आपला संबंध संपला. जोतं झालं की कळवायचं असतं, तपासून घ्यायचं असतं, आणि मगच वर जायचं. ही जोते तपासणी लोक टाळतात, कारण ठेकेदार सांगतो, "मानसं बसून ऱ्हात्यात, मजुरी कोन देनार?" दोन दिवसांची मजुरी वाचते. पण जोतं नऊ इंच बाहेर गेलं असेल तर ते जोत्याला कळलेलं बरं, तिसऱ्या मजल्यावर नाही.

परवानगीला मुदत असते हेही विसरतात. एक वर्ष. पुढं दरवर्षी मुदतवाढ, ती तीनदा, म्हणजे एकूण चार वर्षं. मुदत संपायच्या आधी अर्ज करायचा. मी परवानगीची तारीख गिऱ्हाइकाच्या देवघरातल्या कॅलेंडरवर लिहून येतो, कारण फाईल माणूस उघडत नाही, कॅलेंडर रोज बघतो.

घरफाळा भरतो, मग बांधकाम कायदेशीर

नाही. घरफाळ्याची पावती म्हणजे तुम्ही घरफाळा भरला एवढंच. बिनपरवाना बांधकामालाही आकारणी होते, वर महापालिका कायद्याच्या कलम 267अ खाली शास्तीही (दंड) लागते, आणि शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही हे कायद्यातच लिहिलं आहे. कायदेशीर ठरवतो तो परवाना आणि शेवटचा भोगवटा दाखला, म्हणजे राहायला जायची परवानगी.

भोगवटा न घेता राहायला जाणं ही आपल्याकडची जणू रीतच आहे. पाहुण्यांना जेवण घालायचं, पेढे वाटायचे, सत्यनारायण करायचा आणि भोगवटा "बघू पुढं." पुढं म्हणजे पंधरा वर्षांनी, मुलाला कर्ज काढायचं असतं किंवा फ्लॅट विकायचा असतो तेव्हा. तोवर गॅलरी आत घेतलेली, पार्किंगमध्ये दुकान काढलेलं, टेरेसवर पत्रे चढवलेले. मग माझ्याकडं येऊन म्हणायचं, "तुमची वळख हाय न्हवं?" माझी ओळख आहे, पण ओळखीनं गॅलरी बाहेर येत नाही.

पूररेषा आणि "आमच्यात पाणी येत न्हाई"

2005 ला म्हणायचे, असा पूर शंभर वर्षांत एकदा येतो. 2019 ला आला, 2021 ला परत आला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी 43 फूट आहे, ती दोन्ही वेळा पार मागं पडली. व्हीनस कॉर्नरला बोटी चाललेल्या आपण सगळ्यांनी बघितल्या. तरी प्लॉट घेताना माणूस विचारतो ते दर काय आणि रस्ता किती फुटी.

निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांच्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा निषिद्ध, तिथं नव्या बांधकामाचं नाव काढायचं नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथं अटी घालून परवानगी मिळते. यातली महत्त्वाची अट जोत्याच्या उंचीची आहे. लाल रेषेच्या पातळीपेक्षा ते वर काढावं लागतं. दुधाळी, सुतारवाडा, नागाळा पार्क, शाहूपुरी, रमण मळा या बाजूला जागा असेल तर आधी पूररेषेचा नकाशा बघा, मग इसार द्या.

माझी पद्धत जुनाट आहे. नकाशा तर बघतोच, पण त्याआधी गल्लीतल्या तीन घरांत चहा पितो आणि 2019 चं पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर बोट ठेवून दाखवायला सांगतो. विकणारा माणूस पायरीवर बोट ठेवतो, शेजारीण खिडकीच्या गजावर ठेवते. मी शेजारणीचं धरतो.

दहा वर्षं झाली, आरक्षण उठलं

विकास योजनेत बाग, शाळा, रस्ता अशा कामासाठी जागा राखलेली असली, तर ते आरक्षण आपोआप काही उठत नाही. विकास योजनेला दहा वर्षं झाल्यावर जागा ताब्यात घेतली नसेल, तर मालकानं त्याच 1966 च्या कायद्याच्या कलम 127 ची खरेदी सूचना (जागा विकत घ्या अशी नोटीस) रीतसर बजावायची, त्यानंतर 24 महिने थांबायचं, आणि तेवढ्यात संपादनाची पावलं पडली नाहीत तरच पुढची गोष्ट. "दहा वर्षं होऊन गेलीत" असं सांगून आरक्षणातला प्लॉट गळ्यात मारणारा दलाल भेटला तर त्याला खरेदी सूचनेची पोच मागा. खिशात हात घालून तो दुसरा विषय काढेल.

आता फुटकळ चुका, एका दमात. खरेदी करून मग झोन दाखला काढणं. उलटं करा, दाखल्यासोबत भाग नकाशाही (विकास योजनेच्या नकाशाचा आपल्या जागेपुरता तुकडा) घ्या. नकाशात पाडायचं बांधकाम पिवळ्यात आणि नवं लालात दाखवायचं, पोरांच्या चित्रकलेच्या वहीसारखे मनाचे रंग भरायचे नाहीत. ऑनलाइन नकाशा घालताना लेअरची (फाईलमधल्या थरांची) नावं चुकली की यंत्र तो उचलत नाही, आणि यंत्राला चहा पाजता येत नाही. मूळ कागद फाईलला लावू नका, सत्यप्रती लावा. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर दहा रुपये शुल्क, एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत. तीन पानी आत्मकथा लिहिली तर आधी तीच परत येईल. शेवटच्या मुदतीच्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला जाऊन "कुणी जाग्यावर नाही" म्हणून ओरडू नका.

आणि पोच. कुठलाही कागद आवकमध्ये दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही. मागचे लोक कुरकुरले तर कुरकुरू देत. शिक्का उमटला का बघा, पुसट असेल तर परत मारायला सांगा, आणि खाली उतरल्यावर गाडीला किल्ली लावायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. मी हे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, खिडकीच्या उजेडात करतो.